चूक परवडणाऱ्या मुली : ‘द प्रिन्सेस डायरीज’ आणि तशाच काही चित्रपटांविषयी

‘द प्रिन्सेस डायरीज’ हा डिस्नेचा चित्रपट २००१ साली आला, म्हणजे आज अकरावी-बारावीत असलेल्या मुलींचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यात मारामारी नाही, खरा म्हणावा असा खलनायक नाही, ज्याला मरायचे तो चित्रपट सुरू होण्याआधीच मरून गेलेला आहे, आणि शेवट काय होणार हे पहिल्या अर्ध्या तासात कोणालाही सांगता येते. तरीही लातुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलींनी तो एकदा पाहून पुन्हा मागितला, आणि त्यानंतर ‘काकू, असाच दुसरा लावा’ असा लकडा लावला. त्यामुळे हा एक चित्रपट आणि त्याच्या जातकुळीतले आणखी दोन, असे मिळून हे परीक्षण लिहीत आहे. असे हलकेफुलके चित्रपट या वयाच्या मुलींना इतके का आवडतात, याचे एक उत्तर मला त्यांच्यासोबत बसून पाहताना मिळाले, आणि ते मी अपेक्षिले होते त्याहून बरेच वेगळे आहे.

ज्यांना लातूरची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. दहावीचा निकाल लागला की अहमदपूर, उदगीर, मुखेड, कंधार, गंगाखेड, केज अशा गावांतून मुली येथे अकरावीला येतात, शिकवणी वर्गाच्या आसपास खोली घेतात, मेसचा डबा लावतात आणि पुढची दोन वर्षे ‘नीट’ (वैद्यकीय प्रवेश परीक्षा) या एकाच शब्दाभोवती काढतात. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकीच्या उत्तराला उणे एक, हा हिशोब त्यांच्या अंगात इतका मुरलेला असतो की त्या बोलतानाही जपून बोलतात. रविवारी सकाळी चाचणी परीक्षा असते, दुपारी मेसमध्ये गोडाचे जेवण असते आणि संध्याकाळी मेस बंद असते. या बंद मेसच्या संध्याकाळी आमच्या खालच्या खोलीतला टीव्ही, ताटभर सुशीला (भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे) आणि चुरमुऱ्याचा चिवडा, एवढ्या भांडवलावर आमचे चित्रपटगृह चालते.

आता चित्रपटाकडे वळू. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये चित्रकार आईबरोबर, अग्निशमन दलाच्या एका जुन्या इमारतीचे घर करून राहणारी मिया थर्मोपोलिस ही पंधरा वर्षांची मुलगी शाळेत कोणाच्या खिजगणतीत नाही. ती बाकावर बसलेली असताना तिच्यावर दुसरे कोणीतरी येऊन बसते, इतकी ती अदृश्य आहे. वर्गात चार वाक्ये बोलायची वेळ आली की तिला मळमळते आणि ती तोंडावर हात धरून पळून जाते. अशा मुलीला तिची कधी न भेटलेली आजी येऊन सांगते की तुझे दिवंगत वडील जिनोव्हिया नावाच्या छोट्या देशाचे राजपुत्र होते आणि त्या गादीची वारस तू आहेस. अ‍ॅन हॅथवेचा हा पहिलाच चित्रपट, आणि आजीच्या भूमिकेत ज्युली अँड्र्यूज. दिग्दर्शन गॅरी मार्शल यांचे आहे. कथा मेग कॅबट यांच्या २००० सालच्या कादंबरीवरून घेतली आहे, मात्र कादंबरीत वडील जिवंत आहेत आणि घर न्यूयॉर्कमध्ये आहे. वडिलांना आधीच स्वर्गवासी करून आजीला मोकळे रान देण्याचा पटकथेचा निर्णय मला अतिशय शहाणपणाचा वाटतो, कारण या चित्रपटाचा खरा रस आजी आणि नात यांच्या जोडीत आहे, आणि मध्ये वडील असते तर ती जोडी जमली नसती.

हॅथवेच्या विनोदाचे विशेष म्हणजे ती पडते ते खरोखर पडल्यासारखी पडते. मेजवानीत तिच्या हातून एका पाहुण्याच्या बाहीला आग लागते, ती विझवताना आणखी घोळ होतो, मग थंडगार सॉर्बेचा मोठा घास घेतल्याने तिच्या डोक्यात सणक जाते आणि ती सगळ्यांसमोर वेडीवाकडी तोंडे करते. आपल्याकडच्या विनोदी चित्रपटांत मुलगी अशी फजीत झाली तर कॅमेरा तिच्याकडे पाहून हसतो. येथे तो तिच्या बाजूला उभा राहून हसतो. समोर बसलेल्या पंतप्रधानांच्या पत्नीही हसतात, पण त्या हसण्यात कुचेष्टा नाही, आणि मेजवानी पुढे चालू राहते. मेजवानी पुढे चालू राहते, हे वाक्य मी मुद्दाम दुसऱ्यांदा लिहीत आहे, कारण आमच्या खोलीतल्या मुलींना नेमके तेच नवल वाटले होते.

सर्वांत जास्त वेळा मागे नेऊन पाहिलेला प्रसंग ट्रामचा आहे. मिया तिची जुनी मस्टँग गाडी चालवत आहे, शेजारी साक्षात महाराणी बसली आहे, सॅन फ्रान्सिस्कोचा तो भिंतीसारखा उभा चढ आला आहे. गाडी बंद पडते, मागे घसरते आणि मागून येणाऱ्या केबल कारवर, म्हणजे तिथल्या ट्रामवर, जाऊन आदळते. पोलीस येतो. आता खोलीतल्या सगळ्या मुलींचे चेहरे गंभीर झाले होते. किनवटच्या बाजूची एक मुलगी हळूच म्हणाली, “आता संपलं हिचं.” आणि मग महाराणी गाडीतून उतरते, त्या पोलिसाला आणि केबल कार चालवणाऱ्याला अत्यंत गंभीर चेहऱ्याने, तिथल्या तिथे, जिनोव्हियाचा एक मानाचा किताब बहाल करते, आणि दोघेही विरघळून जातात. ज्युली अँड्र्यूज यांची करामत अशी की भुवईसुद्धा हलत नाही. खोटेपणा करताना इतके खानदानी दिसणे फार थोड्यांना साधते. मुली खो-खो हसल्या. हसू ओसरल्यावर तीच मुलगी म्हणाली, “काकू, आमच्याकडं तर पहिल्याच चुकीला घरी बसवलं असतं हिला.”

या चित्रपटांचे आकर्षण काय, याचे माझ्या मते हेच उत्तर आहे. लोक समजतात की मुलींना त्यातले कपडे आवडतात, राजवाडा आवडतो, मुलगा आवडतो. ते सगळे आवडतेच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मुली पुन्हा पुन्हा ज्या जागी चित्रपट थांबवायला सांगत होत्या, त्या जागा मियाच्या चुकांच्या होत्या. ती भाषण विसरते, गाडी ठोकते, चुकीच्या मुलावर विश्वास ठेवते आणि त्यापायी समुद्रकिनाऱ्यावर तिचे नको ते छायाचित्र काढले जाऊन वर्तमानपत्रात येते. या प्रत्येक चुकीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत जाते. शाळा सुटत नाही, मोबाइल हिसकावला जात नाही, मामाकडे पाठवले जात नाही, स्थळ पाहायला सुरुवात होत नाही. चूक ही त्या जगात एक परवडणारी वस्तू आहे. मराठवाड्यातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने राजमुकुटापेक्षा ही चैन मोठी आहे, आणि ती एक तास पंचावन्न मिनिटे तरी उपभोगायला मिळते म्हणून हा चित्रपट तिला आवडतो.

हे मी उगीच करुण करून सांगत आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून एक आकडा देते. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातल्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते, आणि बीड व परभणी या जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होते. दसऱ्यानंतर आईवडील ऊसतोडीला जातात, मोठी झालेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची हा प्रश्न असतो, आणि त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उत्तर तिच्या डोक्यावर अक्षता टाकणे हे असते. लातूरपर्यंत पोहोचलेली प्रत्येक मुलगी या हिशोबातून कशीबशी सुटून आलेली असते आणि आपण एका चुकीच्या अंतरावर उभ्या आहोत हे तिला पक्के माहीत असते. तिला ‘असले पोरकट चित्रपट काय पाहतेस’ असे विचारणाऱ्यांनी, तिला पोरकट होण्यासाठी दुसरी कोणती जागा आपण ठेवली आहे, तेही सांगावे.

आजीचे पात्र येथे आणखी वेगळ्या कारणाने भावले. नात आली की आजी तिला बसायचे कसे, चालायचे कसे, पाय कसे जुळवायचे, हसायचे किती हे शिकवू लागते. ‘पाय पसरून बसू नको’, ‘खिदळू नको’, ‘खांदे वर कर’ यातली एकही सूचना आमच्या मुलींना परदेशी वाटली नाही. आजोळी वाढलेल्या एका मुलीने तर प्रत्येक सूचना महाराणीच्या आधी आपल्या आजीच्या आवाजात म्हणून दाखवली. फरक पुढे येतो. ही आजी शिकवते सगळे, पण गादी हवी की नको हे शेवटी नातीला विचारते आणि शेवटच्या शाही नृत्यसमारंभाच्या दिवसापर्यंत विचार करायला वेळ देते. छायाचित्राच्या प्रकरणात आजी नातीला फार लागेल असे बोलते, तेव्हा ‘जो’ नावाचा तिचा सुरक्षाप्रमुख तिला जाणीव करून देतो की आपण जास्तच कठोर झालात, आणि ती महाराणी असूनही ते ऐकून घेते. हेक्टर एलिझोंडो यांनी हा ‘जो’ इतका शांतपणे उभा केला आहे की चित्रपट संपल्यावर मुलींना मुलगा कमी आणि ‘जो’ अधिक आठवत होता. वडीलधाऱ्या माणसाला आपले चुकले असे वाटणे, हे दृश्य आपल्या घरांत किती वेळा दिसते, हे ज्याने त्याने आपापल्या घरात तपासावे.

आता दोषांकडे येऊ, कारण दोष आहेत आणि त्यातला एक मोठा आहे. मियाला राजकन्या करण्यासाठी पाओलो नावाचा केशरचनाकार बोलावला जातो. तिच्या कुरळ्या, दाट केसांत त्याचा ब्रश अडकून मोडतो, येथवर हसू येते. मग तो तिचा चश्मा मोडून टाकतो, केस सरळ करतो, भुवया कोरतो, आणि पडदा बाजूला होताच एक वेगळीच मुलगी समोर येते आणि सगळे थक्क होतात. आमच्यात एका मुलीचे केस अगदी मियाच्या आधीच्या केसांसारखे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत दहा वर्षे तेल चोपडून, दोन वेण्या आवळून तिने ते ताब्यात ठेवले आहेत. ब्रश मोडला तेव्हा ती सर्वांत मोठ्याने हसली होती. पडदा बाजूला झाल्यावर तिचा हात नकळत आपल्या वेणीकडे गेला आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. चित्रपट नंतर सावरायचा प्रयत्न करतो. शेवटी मिया पावसात चिंब भिजलेल्या अवस्थेत, साध्या कपड्यांत त्या नृत्यसमारंभाला पोहोचते आणि त्याच अवस्थेत, ज्या भाषणाला ती आयुष्यभर घाबरली ते करून दाखवते. पण त्यानंतर लगेच तिला नेऊन गाऊन आणि मुकुट घालून आणले जातेच. चश्मा आणि कुरळे केस म्हणजे कुरूपता, ही समजूत या चित्रपटाने मोडली नाही. उलट गोड करून विकली. मुलींना दाखवताना या जागी चित्रपट थांबवून दोन शब्द बोलावेत, असे माझे मत आहे. मी बोलले. त्याचा कितपत उपयोग झाला ते त्या वेणीलाच ठाऊक.

प्रेमकथेबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. मैत्रिणीचा भाऊ मायकेल सुरुवातीपासून समोर आहे, शाळेतला देखणा मुलगा फसवा निघणार हे दिसतेच, आणि रागावलेल्या मायकेलला मनवण्यासाठी मिया पिझ्झ्यावर रंगीत गोळ्यांनी ‘सॉरी’ लिहून पाठवते, तेवढी एक कल्पना गोड आहे. शेवटी बागेत एक चुंबन आहे. पालक शेजारी बसलेले असतील तर पाण्याचा तांब्या आणायला उठण्याइतकेच. अमेरिकेत या चित्रपटाला सर्व वयोगटांसाठी योग्य असे ‘जी’ प्रमाणपत्र मिळाले होते आणि ते रास्त आहे.

याच्या पाठोपाठ ‘फ्रीकी फ्रायडे’ पाहिला, २००३ सालचा. मेरी रॉजर्स यांच्या १९७२ सालच्या पुस्तकावर १९७६ मध्येही एक चित्रपट निघाला होता. हा त्याचा नवा अवतार. मानसोपचारतज्ज्ञ आई आणि रॉक बँडमध्ये गिटार वाजवणारी पंधरा वर्षांची मुलगी यांचे कडाक्याचे भांडण होते आणि एका चिनी उपाहारगृहातल्या भविष्य सांगणाऱ्या बिस्किटांमुळे दुसऱ्या दिवशी सकाळी आई मुलीच्या शरीरात आणि मुलगी आईच्या शरीरात जागी होते. जेमी ली कर्टिस ही प्रौढ अभिनेत्री पंधरा वर्षांची मुलगी होऊन ज्या प्रकारे खुर्चीत सांडल्यासारखी बसते, ते पाहण्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा. लिंडसे लोहानचे काम तितकेच कठीण होते आणि तिने ते कमी गाजावाजा करून पार पाडले आहे: मुलीच्या चेहऱ्यावर आईची काळजी आणणे.

येथे चूक करण्याची सोय उलटी होते. मुलीच्या शरीरात शाळेत गेलेल्या आईला कळते की इंग्रजीचे शिक्षक आपल्या मुलीला मुद्दाम नापास करत आहेत, आणि त्याचे कारण अनेक वर्षांपूर्वी आईनेच त्या शिक्षकाला दिलेला नकार हे आहे. घरी मुलगी हेच सांगत होती तेव्हा आईने ‘तुझा अभ्यास कमी पडत असेल’ असे म्हणून उडवून लावले होते. या प्रसंगाला खोलीत जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या घरापर्यंत गेला असावा. प्रत्येकीकडे असा एक शिक्षक आणि असे एक न ऐकणारे घर शिल्लक होते. चिनी मालकीण आणि तिची आई यांना जादूटोण्याचे बाहुले करून टाकणे हा या चित्रपटाचा न पचणारा भाग आहे. ते विनोद तेव्हाही आळशी होते, आज ते बोचतात. पण सत्त्याण्णव मिनिटांत संपणारा, कोठेही न रेंगाळणारा असा हा चित्रपट आहे आणि माझा कल विचाराल तर आई आणि मुलगी दोघींनी मिळून पाहायचा असेल तर ‘प्रिन्सेस डायरीज’च्या आधी हाच लावावा. याचा पुढचा भाग २०२५ मध्ये आला, त्यात तीच मुलगी आता आई झालेली आहे.

तिसरा ‘मीन गर्ल्स’, २००४. दिग्दर्शक ‘फ्रीकी फ्रायडे’चेच मार्क वॉटर्स, नायिकाही तीच, पण पटकथा टीना फे यांची, आणि त्यामुळे सगळा नूर बदललेला. रोझलिंड वाइझमन यांच्या, किशोरवयीन मुलींच्या टोळक्यांतले राजकारण समजावून सांगणाऱ्या पुस्तकावरून ही गोष्ट रचली आहे. प्राणिशास्त्रज्ञ आईवडिलांबरोबर आफ्रिकेत वाढलेली, घरीच शिकलेली केडी सोळाव्या वर्षी प्रथम शाळेत येते आणि रेजिना जॉर्ज या सत्ताधीश मुलीच्या गोटात शिरते. तिच्यावर सूड घ्यायला गेलेली केडी हळूहळू तिच्यासारखीच होते. मुलींचे एकमेकींना गोड बोलून घायाळ करणे इतके अचूक टिपलेले आहे की मेसच्या रांगेपासून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांपर्यंत सगळ्यांना आपापल्या रेजिना आठवल्या, आणि काहींनी एकमेकींकडे पाहण्याचे टाळले.

केडी गणितात हुशार आहे, पण मागच्या बाकावर नव्हे तर पुढच्या बाकावर बसलेल्या मुलाने आपल्याकडे वळून बोलावे म्हणून ती गणित येत नसल्याचे सोंग करते आणि नापास होऊ लागते. ही मात्र आमच्या मुलींना अक्षम्य चूक वाटली! शिकवणीची फी आठवून त्यांनी पडद्यावरच्या केडीला अस्सल लातुरी शिव्या दिल्या. शेवटी गणिताच्या स्पर्धेत निर्णायक प्रश्न येतो: अंशात एक वजा एक्सचा लॉगॅरिदम आणि त्यातून वजा साइन एक्स, छेदात एक वजा कॉस वर्ग एक्स, आणि एक्स शून्याकडे जात असताना या सगळ्याची सीमा काढायची. गणित घेतलेल्या दोघींनी तत्काळ चित्रपट थांबवायला लावला, रिमोट माझ्या हातून काढून घेतला आणि चाचणीच्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर पेनाने उदाहरण सोडवायला घेतले. शून्याजवळ अंश उणे दोन एक्स इतका, छेद एक्स वर्ग इतका, म्हणजे उजवीकडून आले की ऋण अनंत आणि डावीकडून आले की धन अनंत. तेव्हा सीमा अस्तित्वातच नाही. मग त्यांनी चित्रपट सुरू केला, केडीने तेच उत्तर दिले, आणि खोलीत असा जल्लोष झाला की परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही तसा ऐकलेला नाही. एका विनोदी चित्रपटाने बरोबर गणित दाखवावे, हा त्याच्या कर्त्यांचा प्रामाणिकपणा आहे आणि तो नोंदवून ठेवला पाहिजे.

तरीसुद्धा ‘मीन गर्ल्स’ आठवी-नववीच्या मुलींना मी दाखवणार नाही. अमेरिकेत त्याला पीजी-१३, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांनी सावध राहावे असे, प्रमाणपत्र आहे. त्यातले लैंगिक उल्लेख सैल आहेत, क्रीडाशिक्षकाचे विद्यार्थिनींशी असलेले संबंध चक्क विनोदासाठी वापरलेले आहेत, आणि वजन वाढवणे ही मुलीला देता येणारी सर्वांत मोठी शिक्षा समजली आहे. आपल्याकडे आता यूए या प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ओटीटीवरही चित्रपट सुरू होताना कोपऱ्यात ही वयोमर्यादा दिसते. पालकांनी पोस्टरचा गुलाबी रंग पाहण्यापेक्षा तो कोपरा पाहावा.

मुलींनी मला एक प्रश्न विचारला आणि मला तो बराच काळ पुरला: असा मराठी कोणता आहे? ‘शाळा’ उत्तम आहे, पण ती मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेली शाळा आहे. ‘टाइमपास’ लातुरातही धो-धो चालला असला तरी त्यातही फजिती, खोड्या, उडाणटप्पूपणा सगळा दगडूच्या वाट्याला आलेला आहे आणि प्राजक्ताने गोड दिसायचे व रडायचे आहे. मुलीने धमाल करायची म्हटले की सगळ्यांना एकदम ‘सैराट’ची आर्ची आठवते. बुलेटवर बसलेली, ट्रॅक्टर चालवणारी, मुलांना दम देणारी आर्ची ही मराठी पडद्यावरची सर्वांत मोकळी मुलगी आहे यात शंका नाही, आणि रिंकू राजगुरूला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला तो योग्यच होता. ‘सैराट’चा पहिला अर्धा भाग स्वतंत्र काढला तर तो किशोरवयीन मुलींसाठीचा मराठीतला सर्वांत आनंदी चित्रपट ठरेल. पण नागराज मंजुळे यांना जे सांगायचे होते ते दुसऱ्या अर्ध्यात आहे, आणि तेथे आर्चीच्या एका चुकीची, म्हणजे आवडलेल्या मुलावर प्रेम करण्याची, किंमत काय पडते हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तो चित्रपट खरे बोलतो. परंतु खरे बोलणारा एक चित्रपट असला तरी शेजारी एखादा खोटे, गोड आणि निर्धास्त बोलणाराही असायला हरकत नव्हती. अंबाजोगाईच्या एखाद्या मुलीने स्कूटी नाल्यात घालावी, गॅदरिंगमध्ये नाटकाचा पडदा स्वतःवरच पाडून घ्यावा, चुकीच्या मुलाला चिठ्ठी द्यावी आणि सोमवारी पुन्हा शाळेत यावे, एवढीच गोष्ट असलेला मराठी चित्रपट कोणी काढला तर पहिल्या दिवशीच्या पहिल्या खेळाची तिकिटे वरच्या मजल्यावरून विकत घेतली जातील, याची हमी मी देते.

काही व्यावहारिक बाबी. आम्ही तिन्ही चित्रपट मूळ इंग्रजीत, इंग्रजी सबटायटल्स लावून पाहिले. मराठी सबटायटल्स मिळाली नाहीत. सुरुवातीला सबटायटल्स वाचण्यात मुलींचे विनोद हुकत होते, पण तासाभरात डोळे सरावतात, आणि ज्यांना इंग्रजीतून शिकवणी समजायला जड जाते त्यांना हा सराव आपोआप होतो, असे पालकांना सांगितल्यास परवानगी लवकर मिळते. कोणता चित्रपट कोणत्या अ‍ॅपवर आहे हे सारखे बदलत असते, म्हणून वर्गणी भरण्याआधी शोधून पाहावे. चित्रपट सलग पाहण्याचा आग्रह धरू नये. या चित्रपटांची खरी मजा मध्येमध्ये थांबवून भांडण्यात आहे.

क्रम लावायचाच झाला तर माझ्या मते ‘मीन गर्ल्स’ हा सर्वांत चांगला लिहिलेला, ‘फ्रीकी फ्रायडे’ सर्वांत चांगला बसवलेला आणि ‘प्रिन्सेस डायरीज’ सर्वांत प्रेमळ. मुलींनी मात्र एकमुखाने ‘प्रिन्सेस डायरीज’लाच पहिला क्रमांक दिला आणि त्याचा २००४ सालचा दुसरा भागही पाहायला लावला. तो पहिल्यापेक्षा बराच कच्चा आहे. विनोद लांबवलेले आहेत आणि जिनोव्हिया हा देश पुठ्ठ्याचा वाटतो. पण त्याच्या कथेत असे आहे की एकवीस वर्षांची, पदवी घेऊन आलेली मिया गादीवर बसणार तोच संसदेतले पुरुष जुना कायदा पुढे करतात, की अविवाहित स्त्रीला राणी होता येत नाही, तेव्हा तीस दिवसांत लग्न करा. हे ऐकताच आमच्या खोलीत कोणालाही आश्चर्य वाटले नाही. “ह्यांच्याकडं बी हाय व्हय हे,” एवढीच प्रतिक्रिया आली. मिया चर्चमध्ये, लग्नाच्या वेळी, जमलेल्या सर्वांसमोर तो कायदा रद्द करायला लावते. चित्रपट म्हणून मी त्याला पाचापैकी दोनच तारे देईन. ज्यांच्या घरी बारावीच्या निकालाआधीच बायोडाटा तयार झालेला आहे, त्यांनी मात्र तो वडिलांना शेजारी बसवून पाहावा.